कपाटावरचा रणगाडा: पहिल्या महायुद्धातली चित्रं, शोभेच्या वस्तू आणि लोकांची कल्पना

शिंपला

लंडनमध्ये रणगाड्यावरची गाणी आधी आली आणि फोटो नंतर आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यासाठीच हा धागा काढतोय.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या आघाडीवर फ्लेर आणि कूर्सलेत या गावांच्या पट्ट्यात ब्रिटिशांनी रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरवले. हाताशी ४९ होते. त्यातले बरेचसे वाटेतच बंद पडले, काही खड्ड्यांत रुतले. पण 'डिनाकेन' नाव दिलेला डी-१७ क्रमांकाचा रणगाडा फ्लेर गावात शिरला आणि वरून जाणाऱ्या वैमानिकाने ते पाहिलं. रणगाडा गावच्या मुख्य रस्त्याने चाललाय आणि मागून सैनिक जयघोष करत येताहेत, अशी बातमी लंडनला पोहोचली. जुलैपासून घरोघरी मृत्यूच्या तारा येत होत्या. त्या लोकांना ही एक ओळ किती हवीशी वाटली असेल!

गंमत अशी की, हे यंत्र दिसतं कसं ते छापायला बंदी होती. वार्ताहरांना वर्णन करायचं होतं, पण आकार, चाकं, तोफांची जागा यातलं काही सांगायचं नव्हतं. मग त्यांनी प्राणी आणले. आदिम चिखलातून वर आलेले राक्षस, अजस्र बेडूक, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेले सरडे. चित्रकारांनी ही वर्णनं वाचून चित्रं काढली. त्या वेळच्या सचित्र साप्ताहिकांतली काही चित्रं पाहिली तर मोठ्या चाकांच्या चिलखती मोटारी दिसतात, कुठे रुळांवरून उतरलेलं इंजिन दिसतं. खरा रणगाडा होता तिरप्या चौकोनासारखा, पट्टे सगळ्या अंगाभोवती फिरणारे, तोफा दोन्ही कुशींना. तो आकार कोणाच्या कल्पनेतच नव्हता.

एच. जी. वेल्सने १९०३ च्या डिसेंबरमध्ये 'स्ट्रँड' मासिकात जमिनीवरच्या लोखंडी युद्धनौकांची कथा लिहिली होती. त्यामुळे वाचकांच्या मनात एक चित्र आधीच होतं आणि ते जहाजाचं होतं. खुद्द सरकारी पातळीवरही तसंच होतं. चर्चिल नौदलमंत्री असताना फेब्रुवारी १९१५ मध्ये जी समिती नेमली गेली, ती 'जमिनीवरच्या जहाजां'ची समिती होती.

१९१६ च्या शरद ऋतूत लंडनच्या पॅलेस थिएटरात रेजीन फ्लोरी ही फ्रेंच नर्तकी 'टँको' नावाचा नाच करत होती. रणगाड्यांनी पिकार्डीत, म्हणजे सोमच्याच प्रांतात, शत्रूची फळी कशी फोडली, याचं गाणं छापील स्वरलिपीसह विकायला होतं. पहिला खरा फोटो 'डेली मिरर'मध्ये छापून आला तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. म्हणजे लढाईनंतर दोन महिन्यांनी. आणि चालता रणगाडा पडद्यावर दिसला जानेवारी १९१७ मध्ये, आंक्रच्या लढाईवरच्या सरकारी चित्रपटात. तोपर्यंत लोकांनी आपापला रणगाडा मनात तयार करून ठेवला होता. फोटोने त्यात दुरुस्ती केली, पण तो पुसला नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या परिसरात चिनीमातीचे कारखाने आहेत. तिथे विल्यम हेन्री गॉस या कारखानदाराच्या घराण्याने एक धंदा रुजवला होता: पांढऱ्या, पातळ चिनीमातीची छोटी वस्तू आणि तिच्यावर एखाद्या गावाचं रंगीत मानचिन्ह. सुट्टीत ब्लॅकपूलला गेलात, ब्लॅकपूलचं मानचिन्ह असलेली फुलदाणी घेऊन आलात. युद्धाआधी या वस्तू घराघरांत होत्या. स्वस्तातला बराच माल जर्मनीतून यायचा. १९१४ ला तो बंद झाला आणि आर्केडियन, कार्लटन, शेली, विलो, ग्राफ्टन अशा इंग्लिश कारखान्यांना रान मोकळं मिळालं. फुलदाण्यांच्या जागी पाणबुड्या आल्या, रुग्णवाहिका, परिचारिका, तोफगोळे, स्कॉटिश सैनिकांच्या टोप्या. आणि १९१६ नंतर रणगाडा.

वीतभर लांबीचासुद्धा नाही. पांढराशुभ्र, गुळगुळीत, आणि कुशीवर मार्गेट किंवा बाथ किंवा यॉर्कचं मानचिन्ह. त्यातल्या पुष्कळांना मागे दोन छोटी चाकं असतात. पहिल्या नमुन्याच्या रणगाड्याला वळण्यासाठी अशी शेपटीची चाकं होती. प्रत्यक्षात ती निरुपयोगी ठरली आणि १९१६ संपायच्या आत काढून टाकली गेली. पण चिनीमातीत ती पुढेही तशीच राहिली, कारण साचे एकदा तयार झाले होते आणि गिऱ्हाइकाच्या मनातला रणगाडा चाकांचाच होता. काहींवर 'एच.एम.एस. क्रेम द मांथ' असं लिहिलेलं सापडतं. हा खरा रणगाडा, सी-५, कूर्सलेतच्या साखर कारखान्यावरच्या हल्ल्यात होता. त्या तुकडीने आपल्या रणगाड्यांना मद्यांची नावं ठेवली होती: शॅब्ली, कोन्याक, कॉर्दाँ रूज. युद्धनौकेला लावायचं बिरूद रणगाड्याच्या पुढे लावलेलं बघून मला दर वेळी वाटतं, लोकांनी हे यंत्र आपल्या ओळखीच्या घरात नेऊन बसवलं. इंग्रज माणसाला जहाज कळत होतं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. रणगाड्याने १९१६ मध्ये लढाई जिंकली नाही. त्याने घरी बसलेल्या लोकांना काहीतरी दिलं, जे बघता येईल, हातात धरता येईल, फळीवर ठेवता येईल. खंदकातलं युद्ध दाखवण्यासारखं नव्हतं. रणगाडा होता.

पुढचं प्रतिसादांत लिहीन. 'रणगाडा बँक' हा प्रकार तर स्वतंत्रच सांगायला हवा.

---

रानवाट

फार सुंदर विषय. वाचतेय. मानचिन्हांच्या वस्तू मी फक्त शिंपल्या आणि बुटांच्या आकारात पाहिल्या होत्या, युद्धाच्या वस्तू निघत होत्या हे माहीतच नव्हतं.

एक विचारू? त्या विकत घेणारं कोण? मला कळत नाही की मुलगा आघाडीवर असताना आई-बाप तोफगोळ्याच्या आकाराची शोभेची वस्तू का घेतील.

---

शिंपला

रानवाट, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी आहे. घेणारे तेच होते. ज्यांचं कोणी आघाडीवर होतं ते, रजेवर आलेले सैनिक, प्रशिक्षण छावणीजवळच्या गावातून घरी काही न्यायचं म्हणून घेणारे नवे भरती झालेले पोरगे. मानचिन्ह गावाचं असल्यामुळे ती वस्तू एकाच वेळी 'आमचं गाव' आणि 'त्याचं युद्ध' अशी दोन्ही होती. मला यात उथळपणा दिसत नाही. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला घरात छोटी करून ठेवणं, हे माणसं कायम करत आली आहेत.

---

कुंचला

लेख आवडला. चित्रांबद्दल थोडी भर घालतो, तो माझा प्रांत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रणगाड्याचं चित्र निघायच्या आधी रणगाड्यावरच चित्र निघालं होतं. सॉलोमन जे. सॉलोमन हे लंडनच्या रॉयल अकादमीचे चित्रकार. पौराणिक विषय आणि व्यक्तिचित्रं हा त्यांचा हातखंडा. त्यांनी १९१६ मध्ये पहिल्या रणगाड्यांवर गुलाबी, हिरवे, तपकिरी, राखाडी असे पट्टे आणि ठिपके रंगवले, जमिनीत मिसळून जावेत म्हणून. आघाडीवर पोहोचल्यावर सगळ्यावर चिखलाचा एकच थर बसला आणि त्या मेहनतीचा उपयोग उरला नाही. पुढे रणगाडे सरळ एकाच तपकिरी रंगात यायला लागले. पण एका अकादमीच्या चित्रकाराने युद्धयंत्राला कॅनव्हास मानून रंगवलं, ही घटना कलेच्या इतिहासात हवी तेवढी सांगितली जात नाही.

दुसरं, म्यूरहेड बोन. ब्रिटनचा पहिला अधिकृत युद्धचित्रकार, १९१६ च्या उन्हाळ्यात नेमलेला. मूळचा ग्लासगोचा. इमारती, पायाडं, गोद्या यांचं रेखाटन करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्याचं कोळशातलं 'टँक्स' हे चित्र अवश्य पाहा. वार्ताहरांच्या राक्षसाचा त्यात मागमूस नाही. समोरून येणारं एक जड, ओबडधोबड, माणसांनी बनवलेलं यंत्र आहे. जहाजबांधणीच्या गोदीत वाढलेला हात आहे तो, त्याला लोखंड बघून भय वाटत नाही.

तिसरा, जॉन सिंगर सार्जंट. १९१८ च्या जुलैत तो आघाडीवर गेला तेव्हा बासष्ट वर्षांचा होता आणि श्रीमंतांची व्यक्तिचित्रं काढून जगप्रसिद्ध झाला होता. त्याच्या विषारी वायूच्या हल्ल्यावरच्या मोठ्या चित्राबद्दल सगळे बोलतात. पण त्याच दौऱ्यातली जलरंगातली रणगाड्यांची चित्रं मला जास्त जवळची वाटतात. आपव्हीलला झाडांच्या सावलीत उभे केलेले रणगाडे आहेत. ऊन पानांतून गळून लोखंडावर पडलंय. सार्जंटने आयुष्यभर व्हेनिसच्या होड्यांवर पडलेलं ऊन रंगवलं, तेच इथे रंगवलं. तो एकदा रणगाड्यात बसून चढउतारांवरून, खंदकांवरून फिरूनही आला होता आणि त्याला ते आवडलं होतं.

मला यात काहीतरी खटकतंही. इतकं देखणं रणगाड्याचं चित्र असावं का? अजून ठरवता आलेलं नाही.

---

अश्वदळ

चिलखती दलातून निवृत्त. नगरला उमेदीची बरीच वर्षं गेली. धागा उघडला आणि उठवेना.

कलेचं मला फार कळत नाही, पण आत काय होतं ते सांगायला हवं असं वाटतं, कारण कपाटावरच्या पांढऱ्या वस्तूत ते नाही.

पहिल्या रणगाड्यात आठ माणसं. वजन २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचं. चांगल्या जमिनीवर जास्तीत जास्त वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, खड्ड्यांच्या जमिनीवर त्याहून कितीतरी कमी. इंजिन वेगळ्या कप्प्यात नव्हतं, माणसांच्या मधोमध उघडं होतं. नुसतं वळवायला चार माणसं लागायची आणि आवाज इतका की आपसात खुणांनी बोलायचं. आतलं तापमान ५० अंशांपर्यंत जायचं. इंजिनचा धूर आणि दारूगोळ्याचा धूर दोन्ही आतच. कार्बन मोनॉक्साइड वायूने माणसं बेशुद्ध पडत, बाहेर आल्यावर ओकत. बाहेरून गोळी आदळली की आतल्या बाजूने पोलादाचे तापलेले कण उडायचे. म्हणून दलाला चामड्याचे मुखवटे दिले होते. डोळ्यांपुढे चिरा पाडलेली पोलादी पट्टी आणि तोंडापुढे साखळ्यांची झालर. तो मुखवटा आज संग्राहकांकडे मोठ्या किमतीला जातो. ज्यांनी तो घातला, ते त्या उष्णतेत बहुधा काढूनच ठेवत.

बाहेर निरोप द्यायला कबुतरं. पेटी आतच, त्याच उष्णतेत.

आम्ही ज्या रणगाड्यांत बसलो ते फार पुढचे. तरी मे महिन्यात राजस्थानात झाकण लावून बसल्यावर आत काय होतं ते मी अनुभवलंय. त्या आठजणांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी सहा महिन्यांपूर्वी हे यंत्र पाहिलंही नव्हतं.

---

शिंपला

अश्वदळ साहेब, मनापासून आभार. हे धाग्यात यायलाच हवं होतं.

आता रणगाडा बँक.

२० नोव्हेंबर १९१७ ला फ्रान्समध्ये कांब्रेला ब्रिटिशांनी चारशेच्या वर रणगाडे एकत्र उतरवले आणि एका दिवसात एवढी मजल मारली की २३ तारखेला इंग्लंडभर चर्चच्या घंटा वाजवल्या गेल्या. लगेच, त्याच महिन्याच्या अखेरीस, लंडनच्या ट्राफल्गर चौकात रणगाडा उभा राहिला. त्याच्या आडून युद्धकर्जाचे रोखे आणि बचत प्रमाणपत्रं विकायची. प्रमाणपत्र साडेपंधरा शिलिंगांना, पाच वर्षांनी एक पौंड परत. लोकांनी रांगा लावल्या. यातला 'एग्बर्ट' नावाचा रणगाडा फ्रान्समधून थेट आणलेला होता, अंगावर गोळ्याने पडलेलं भोक तसंच ठेवून. ते भोक बघायला लोक यायचे.

मग सहा रणगाडे देशभर फिरायला निघाले: एग्बर्ट, नेल्सन, ज्युलियन, ओल्ड बिल, ड्रेक आणि आयर्न रेशन्स. गावात रणगाडा आला की महापौर त्याच्या टपावर चढून भाषण करणार, बँड वाजणार, शाळांना सुट्टी. गावागावांत चढाओढ. जानेवारी १९१८ मध्ये ग्लासगोने एका आठवड्यात १ कोटी ४५ लाख पौंड जमवले, सगळ्या शहरांत जास्त. आणि दरडोई सर्वांत जास्त रक्कम देणाऱ्या गावाला एग्बर्ट बक्षीस मिळणार होता. तो मिळाला ईशान्येकडच्या वेस्ट हार्टलपूल या बंदराला. डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांनी ज्या गावांवर तोफा डागल्या, त्यातलं हे एक. त्यांनी पैसे का ओतले ते वेगळं सांगायला नको.

आणि दुसरी बाजू. लंडनमध्ये रांगा लागल्या होत्या त्याच आठवड्यात, ३० नोव्हेंबरला, जर्मनांनी कांब्रेला प्रतिहल्ला केला आणि जिंकलेली बरीचशी जमीन परत घेतली. चौकातल्या रणगाड्याच्या लोकप्रियतेवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. म्हणून मी म्हणतो की लोकांच्या मनातला रणगाडा आणि आघाडीवरचा रणगाडा हे दोन वेगळे होते. त्यांचे रस्तेही वेगळे होते.

---

उत्तररात्र

शिंपला, तुमचं संशोधन उत्तम आहे, पण तुमच्या सुरात एक माया आहे ती मला मान्य नाही. रणगाडा बँक म्हणजे सरळसरळ प्रचार. नाचगाणी, चिनीमातीच्या वस्तू, महापौरांची भाषणं, सगळ्याचा हेतू एकच, युद्ध चालू राहावं म्हणून पैसे आणि पोरं मिळवणं. 'भीती छोटी करून घरात ठेवली' हे तुम्ही म्हणता. मी म्हणेन की घरात ठेवलेल्या छोट्या वस्तूमुळे भीती वाटेनाशी झाली आणि म्हणून युद्ध आणखी वर्षभर चाललं.

त्या काळातही हे कोणाला तरी दिसलं होतं. कवी सिगफ्रीड ससून, सोमला लढलेला, शौर्यपदक मिळालेला अधिकारी. १९१७ च्या सुरुवातीला तो लिव्हरपूलच्या एका नाट्यगृहात असाच एक कार्यक्रम बघत बसला होता. नाचणाऱ्या मुली, रणगाड्यावरचे विनोद, हसणारे प्रेक्षक. त्याने 'ब्लायटर्स' नावाची आठ ओळींची कविता लिहिली. आशय असा, की आत्ता एक खरा रणगाडा या खुर्च्यांच्या रांगांमधून गडगडत यावा, मग या नाट्यगृहात सोमच्या आघाडीवरच्या बापोम गावाच्या आसपास छिन्नविच्छिन्न पडलेल्या प्रेतांची टिंगल करणारे विनोद होणार नाहीत.

मला त्या काळच्या सगळ्या चित्रांपेक्षा आणि वस्तूंपेक्षा ती कविता खरी वाटते.

---

टाकसाळ

उत्तररात्र यांच्या प्रतिसादात एक धागा पुण्या-मुंबईचा आहे म्हणून थांबवत नाही. सिगफ्रीड ससून हा मुंबईच्या डेव्हिड ससून यांचा पणतू. काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय, पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, तेच. सिगफ्रीडच्या वडिलांनी ज्यू समाजाबाहेर लग्न केलं म्हणून घराने त्यांना दूर केलं. त्यामुळे त्याच्या वाट्याला ती श्रीमंती फारशी आली नाही.

आणि त्याच घराण्यातला दुसरा पणतू, फिलिप ससून, त्या वेळी ब्रिटिश सरसेनापती हेग यांचा खासगी सचिव होता. एका पणजोबांचे दोन पणतू. एक रणगाडे पाठवणाऱ्या माणसाच्या कचेरीत, दुसरा रणगाड्यांची टिंगल ऐकून संतापलेला.

कुंचला, सार्जंटचं या घराण्याशी चांगलं जमत असे. फिलिपचं व्यक्तिचित्र त्याने काढलेलं आहे.

---

शिंपला

उत्तररात्र, तुमचा आक्षेप मी टाळणार नाही. प्रचार होताच. रोख्यांचा पैसा तोफगोळ्यांतच गेला. ससूनचा संतापही योग्यच, तो तिथून आला होता.

पण मी विकत घेणाऱ्यांकडे बघतोय, विकणाऱ्यांकडे नाही. वेस्ट हार्टलपूलच्या गोदी कामगाराने साडेपंधरा शिलिंग दिले तेव्हा त्याला फसवलं गेलं असं मला वाटत नाही. त्याला काय चाललंय ते माहीत होतं, त्याच्या गल्लीत तोफगोळा पडला होता. त्याला काहीतरी करायचं होतं आणि समोर रणगाडा होता. त्या माणसाला ससूनच्या नाट्यगृहातल्या प्रेक्षकांच्या रांगेत बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

---

उत्तररात्र

वेस्ट हार्टलपूलपुरतं मान्य. मार्गेटचं मानचिन्ह असलेल्या रणगाड्यापुरतं नाही.

---

नीलमोहर

वाद रंगलाय, पण मला रणगाड्यांवर रंगवलेल्या चित्रांबद्दल लिहायचंय, कारण तिथे सैनिकांची स्वतःची कल्पना दिसते, दुकानदाराची नाही.

ब्रिस्बेनला क्वीन्सलँड संग्रहालयात 'मेफिस्टो' आहे. जर्मनांनी ए७व्ही नावाचे रणगाडे अवघे वीसच बांधले. त्यातला जगात उरलेला हा एकमेव. एप्रिल १९१८ मध्ये व्हिलेर-ब्रेतोनोच्या लढाईत तो खड्ड्यात अडकला आणि सोडून द्यावा लागला. जुलैत ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तो ओढून आणला, १९१९ ला जहाजाने ब्रिस्बेनला नेला. त्याच्या पुढच्या अंगावर लाल रंगाचा सैतान रंगवलाय, हसत पळतोय आणि काखेत ब्रिटिशांचा तिरप्या चौकोनाचा रणगाडा मारलाय! पाच सेकंदांत कळतो. जर्मनांनाही ब्रिटिश रणगाड्याचा तो आकार म्हणजेच 'रणगाडा' वाटत होता हे त्यातून दिसतं. खरं तर त्यांनी स्वतः बांधलेल्यांपेक्षा पकडलेले ब्रिटिश रणगाडेच जास्त वापरले, मोठे काळे क्रॉस रंगवून.

फ्रेंचांच्या छोट्या रेनो रणगाड्यांवर पत्त्यांची चिन्हं असत: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. कुठली तुकडी ते लांबून ओळखायला. किती साधी युक्ती, आणि चित्र म्हणून किती देखणी.

आणि सगळ्यांत आवडती गोष्ट. मलायातले यू टोंग सेन म्हणून चिनी वंशाचे मोठे उद्योजक होते, कथील आणि रबराचे. त्यांनी १९१७ मध्ये एका रणगाड्यासाठी सहा हजार पौंड दिले. त्या रणगाड्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंना मोठे डोळे रंगवले गेले. चिनी होड्यांवर असतात तसे, कारण डोळे नसतील तर नावेला वाट दिसणार कशी? ब्रिटिश रणगाडा दलाच्या एका तुकडीने ती रीत पुढे कित्येक दशकं चालू ठेवली.

अमेरिकेचं भित्तिपत्रकही विसरू नका. १९१७ चं, ऑगस्ट हुटाफने काढलेलं. काळी मांजर नखं काढून रणगाड्यांच्या वरून झेपावतेय. रणगाडे खाली लहान दिसतात, मांजरच मोठी. भरतीसाठी आलेल्या पोराला यंत्रापेक्षा मांजर लवकर कळणार, हे चित्रकाराने ओळखलं.

---

रानवाट

डोळ्यांची गोष्ट किती सुरेख आहे! आपल्याकडे कोकणात होड्यांची पूजा होते, पण डोळे असतात का? कोणी कोळी बांधव असतील तर सांगा.

---

अश्वदळ

भारतीयांचा संबंध विचारणारा संदेश आला म्हणून लिहितो. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांच्या आत भारतीय दलं नव्हती, पण भारतीय घोडदळ त्यांच्या अगदी जवळ होतं.

सोमच्या आघाडीवर हाय वुड नावाचं रान आहे. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी डेक्कन हॉर्स या भारतीय घोडदळाच्या पलटणीने तिथे भाले रोखून हल्ला केला. दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच रानात रणगाडे पाठवले. तोफांनी मोडलेल्या झाडांच्या बुंध्यांत ते अडकले. रणगाड्यांच्या अधिकाऱ्यांनी आधीच नको म्हणून सांगितलं होतं. म्हणजे एकाच जागेवर भाला आणि रणगाडा, त्रेसष्ट दिवसांच्या अंतराने. कांब्रेलाही भारतीय घोडदळ होतं आणि १ डिसेंबर १९१७ च्या तिथल्या कामगिरीसाठी लान्स दफादार गोविंद सिंग यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घोड्यावरून तीनदा निरोप नेला, तिन्ही वेळा घोडा मारला गेला.

डेक्कन हॉर्स आणि पूना हॉर्स, दोन्ही आज चिलखती दलात आहेत. १९६५ ला डेक्कन हॉर्स असल उत्तरला शर्मन रणगाड्यांवर लढली. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर, मुंबईत जन्मलेले, त्याच युद्धात चविंडाच्या लढाईत कामी आले, मरणोत्तर परमवीर चक्र.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात लहान मुलं काय करतात ते बघण्यासारखं असतं. माहितीचा फलक कोणी वाचत नाही. तोफेच्या नळीला हात लावतात. 'हातात धरता येणं' असं शिंपला यांनी म्हटलंय ते मला तिथे पटतं.

---

मीरा_इंग्लंड

नमस्कार. बऱ्याच वर्षांनी इथे लिहितेय. इंग्लंडमध्ये राहते म्हणून दोन ठिकाणांबद्दल सांगू शकते.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये बचत मोहिमेत चांगली कामगिरी केलेल्या गावांना सुमारे २६५ रणगाडे भेट दिले गेले. बागेत, चौकात, चबुतऱ्यावर. पण वीस वर्षांत बहुतेक नाहीसे झाले. लोकांना ते नकोसे झाले होते. गावोगाव मृतांच्या नावांची दगडी स्मारकं उभी राहिली, त्यांच्याजवळ गंजणारा रणगाडा कोणाला पाहवेना. बरेच विसाव्या आणि तिसाव्या दशकात भंगारात गेले, एग्बर्टसुद्धा. उरलेले दुसऱ्या महायुद्धात पोलादासाठी वितळवले.

आपल्या मूळ गावात एकच उरलाय, केंट परगण्यात ॲशफर्डला. तो वाचला त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. १९२९ मध्ये त्याचं आतलं सामान काढून तिथे विजेचं उपकेंद्र बसवलं! वीज चालू असल्यामुळे कोणी हलवला नाही. आता वर छत आहे. बाजारातून पिशव्या घेऊन जाणारी माणसं त्याच्या शेजारून जातात, वळूनही बघत नाहीत.

दुसरं ठिकाण डॉर्सेटमधलं बोव्हिंग्टन. तिथे युद्धानंतर जुने रणगाडे कुंपणात पडलेले होते. १९२३ मध्ये रुडयार्ड किपलिंग (मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला) तिथे आला आणि हे नीट जपून संग्रहालय करा असं त्याने सुचवलं. त्याचा एकुलता मुलगा १९१५ ला लूसच्या लढाईत गेला होता. जगातला पहिल्या नमुन्याचा एकमेव उरलेला रणगाडा आज तिथेच आहे.

---

कुंचला

मीराताई, ॲशफर्डच्या रणगाड्याची माहिती फारच आवडली.

उत्तररात्र आणि शिंपला यांच्या वादावर माझं मत बनतंय. विल्यम बर्नार्ड एडनीचं १९१८ चं एक तैलचित्र आहे, मार्क पाच नमुन्याचा रणगाडा चढाईवर निघालाय असं. ठोकळ्यांसारखे आकार, ठसठशीत रंग. त्यात शौर्य नाही आणि टिंगलही नाही. यंत्र चढ चढतंय, एवढंच. १९१६ ला प्राणी, १९१७ ला खेळणं आणि १९१८ ला शेवटी यंत्र. चित्रकारांना रणगाडा रणगाडा म्हणून बघायला दोन वर्षं लागली, असं मला दिसतं.

---

रानवाट

शिंपला, शेवटचा प्रश्न. पुढच्या महिन्यात यॉर्कला बहिणीकडे जातेय. जुन्या वस्तूंच्या बाजारात असा चिनीमातीचा रणगाडा दिसलाच तर काय बघून घ्यायचा?

---

शिंपला

जरूर बघा. आधी तळ पाहा. कारखान्याचा शिक्का तिथे असतो, नसला तरी वस्तू खोटी असं नाही, पण किंमत कमी पडायला हवी. मग तोफा. बाहेर आलेल्या असतात म्हणून सगळ्यात आधी त्याच तुटतात आणि पुष्कळदा नंतर चिकटवून रंगवलेल्या असतात. नख फिरवून पाहा, चकाकीत फरक लागतो. मागची चाकं असतील तर ती अखंड आहेत का बघा. मानचिन्हाचे रंग चकाकीच्या वर दिलेले असतात, ते घासले जातात, त्यामुळे फार चोळून धुतलेली वस्तू फिकी दिसते.

मानचिन्ह कुठल्या गावाचं याला फार महत्त्व देऊ नका. पण लिंकनचं मिळालं तर सोडू नका. रणगाडा तिथेच जन्मला, विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात, आणि त्याचे सुरुवातीचे आराखडे ट्रिटन आणि विल्सन या अभियंत्यांनी तिथल्याच व्हाइट हार्ट हॉटेलच्या खोलीत बसून काढले.

आणि घेतलात तर फोटो इथे नक्की टाका, चारही बाजूंनी आणि तळाचासुद्धा.